ब्रेसिंग रॉडच्या टोकाला बोल्ट की पिन? २० मिमी रॉडसाठी बाजारातल्या मालाचं परीक्षण

हार्डवेअरच्या दुकानात ‘वीसच्या रॉडच्या फोर्कला बोल्ट द्या’ म्हटलं की काउंटरवरून एकच प्रश्न येतो: लांबी किती? ग्रेड कुणी विचारत नाही, आटे कुठवर हवेत तेही नाही. फोर्कचं, म्हणजे रॉडच्या टोकाला बसणाऱ्या दोन कानांच्या तुकड्याचं, तोंड किती रुंद आहे हा प्रश्न तर गिऱ्हाइकालाही सुचत नाही. आणि बोल्ट टिकणार की वाकणार हे बहुतेक वेळा त्या तोंडाच्या रुंदीवरच ठरतं.

इथे परीक्षण केलंय ते औद्योगिक शेडच्या छताला आणि बाजूला लागणाऱ्या एक्स ब्रेसिंगच्या (वाऱ्यात शेड कलू नये म्हणून फुलीसारख्या लावलेल्या रॉडांच्या) जोडाचं. रॉड २० मिमी, आयएस २०६२ ई २५० प्रतीचा, टोकाला एम २० आटे. फोर्कचे दोन कान प्रत्येकी १० मिमी जाड, मधलं तोंड १६ मिमी, त्यात शिरणारी, शेडच्या सांगाड्याला वेल्ड केलेली गसेट प्लेट १० मिमी. म्हणजे गसेटच्या दोन्ही बाजूंना ३-३ मिमी फट. चाकण, रांजणगाव, शिरोळी, कुठल्याही एमआयडीसीतल्या मध्यम शेडला हे माप परकं नाही. ताकदीचे आकडे आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेप्रमाणे काढलेत. पिनच्या वाकण्याचा हिशेब मात्र युरोकोड ३ या युरोपीय संहितेच्या भाग १-८ मधल्या सूत्राने केलाय, कारण प्लेटांमध्ये फट धरून बोल्टला तुळईसारखं तपासायचं तर ते सूत्र सरळ आणि हाताने करण्याजोगं आहे.

रॉड किती ओढतो ते आधी

२० मिमी रॉडचं पूर्ण क्षेत्रफळ ३१४ चौमिमी, आट्यांतलं २४५. पूर्ण छेदावर यील्डने (पोलाद कायमचं लांबायला लागतं त्या ताणाने) ७१.४ किलोन्यूटन येतात, आट्यांत तुटण्याने ७२.३. धरू ७१, म्हणजे साधारण सव्वासात टन. डिझाइनमध्ये रॉडवर ४० किलोन्यूटनच येत असले तरी जोड ७१ ला पुरला पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. भूकंपात किंवा वादळात रॉड ताणला जाऊन लांबला तर शेड वाचते. मऊ पोलादाचा रॉड तुटण्याआधी बराच लांबतो, बोल्ट तेवढी सवड देत नाही.

किलोवर मिळणारा ४.६ चा बोल्ट

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर गोणीतून किलोने मिळतो तो हा. डोक्यावर बहुधा ४.६ हा ताकदीचा ग्रेड लिहिलेला असतो (आकडा मोठा तितका बोल्ट ताकदवान), कधी काहीच नसतं. काहीच नसेल तर तो ४.६ आहे असंही धरू नका, फक्त गेट आणि ग्रिलला वापरा.

शिअरमध्ये, म्हणजे आडवं कापलं जाण्यात, हा बोल्ट पास होतो आणि इथेच फसगत होते. फोर्कमध्ये बोल्ट दोन जागी कापला जातो; दोन्ही जागी आटे आले तरी एम २० ला ९० किलोन्यूटन मिळतात, हवेत ७१. फॅब्रिकेटर म्हणतो, ‘डबल शिअर आहे साहेब, काय होतंय?’ त्याचं गणित चुकलेलं नाही, अर्धवट आहे.

वाकण्याचा हिशेब असा: ओढीला ८ ने भागायचं आणि त्याला (गसेटची जाडी + ४ × एका बाजूची फट + २ × एका कानाची जाडी) याने गुणायचं. आपल्या मापात कंस होतो १० + १२ + २०, म्हणजे ४२. मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, येतो ३७५ किलोन्यूटन-मिमी. ४.६ च्या अखंड २० मिमी शँकची (बिनआट्यांच्या दांड्याची) क्षमता आहे २८३. तिसऱ्या हिश्श्याने नापास. सूत्रात फटीला ४ ने गुणलंय याकडे लक्ष द्या. कान १ मिमीने जाड केला तर कंस २ ने वाढतो, दोन्ही बाजूंची फट १ मिमीने वाढली तर ४ ने.

युरोकोडमध्ये एक सवलत आहे, ती सांगणं भाग आहे. जोडाला फिरायचं नसेल आणि पिनची लांबी व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी असेल तर वाकणं न तपासता साधा बोल्ट म्हणून डिझाइन करता येतं. आपली पकड (दोन कान आणि तोंड मिळून) ३६ मिमी, मर्यादा ६० मिमी, म्हणजे कागदावर ४.६ सुटतो. तरीही आम्ही तो घेणार नाही. असा बोल्ट वाकला म्हणून शेड पडणार नाही हे खरं, पण बोल्टाच्या पोटात आलेला बाक म्हणजे रॉडला आलेली ढील. एक्स मधला तो रॉड लोंबतो आणि पुढच्या वाऱ्यात सगळा भार दुसऱ्या जोडीवर जातो. शिवाय वाकलेला बोल्ट भोकातून निघत नाही, गॅसनेच कापावा लागतो. दहा मीटर उंचीवर, खाली यंत्रं चालू असताना. बोल्टमागे वाचलेले चार पैसे त्या एका दिवसात जातात.

८.८, हाफ थ्रेड: आमची पसंती

एम २० च्या ८.८ बोल्टचं यील्ड ६६०, तुटण्याची ताकद ८३० न्यूटन प्रति चौमिमी. दोन्ही कापांत आटे आले तरी शिअरला १८८ किलोन्यूटन. वाकण्याची क्षमता अखंड शँकवर ७७८, म्हणजे ३७५ च्या दुपटीहून जास्त. मोमेंट आणि शिअर एकत्र धरून वर्ग-बेरीज (प्रत्येकाचा भार भागिले क्षमता, त्यांच्या वर्गांची बेरीज) केली तरी १ च्या मर्यादेत ०.३ च्या आसपासच भरते. फिटिंगमध्ये तोंड थोडं रुंद निघालं, गसेट मध्यावर बसली नाही, तरी हा बोल्ट पोटात घालतो.

प्रश्न उरतो लांबीचा, आणि निम्मे लोक तिथेच चुकतात. पकड ३६, वॉशर ३, नट १८, वर दोन-तीन आटे बाहेर. बेरीज ६२ च्या आसपास, म्हणून ६५ चा मागवला जातो. आता आयएस १३६४ भाग १ च्या हाफ थ्रेड बोल्टला १२५ मिमी लांबीपर्यंत आट्यांची लांबी व्यासाच्या दुप्पट अधिक ६ असते. एम २० ला ४६ मिमी. ६५ मधून ४६ गेले, शँक उरला १९. पहिला कान १० आणि फट ३ संपल्यावर गसेटमध्ये ६ मिमी जाऊन शँक संपतो. पहिला काप शँकवर, दुसरा आट्यांवर, आणि मोमेंट सगळ्यात जास्त जिथे, त्या गसेटच्या मध्याच्या आगेमागेच आटे सुरू.

८० मिमी लांबीचा घेतला तर शँक ३४ मिमी. दोन्ही काप शँकवर येतात. नट ३९ मिमीपासून बसतो, म्हणजे शँक आडवा येत नाही. मोबदल्यात २३ मिमी आटे बाहेर डोकावतात. दिसायला ओबडधोबड, पण त्यातच चेक नट (पहिला सुटू नये म्हणून दुसरा नट) बसवायला जागा मिळते. ७५ चा घेतला तर शँक २९ वर संपतो आणि दुसरा काप २३ ते २६ च्या पट्ट्यात येतो. चालतो, पण आटे सुरू होण्याआधीचा निमुळता भाग फार जवळ येतो. आम्ही ८० च लिहू.

‘एम २० × ८०, ८.८, आयएस १३६४ भाग १, हाफ थ्रेड’ एवढं सगळं खरेदीच्या कागदावर लिहा. भाग २ लिहिलात तर पूर्ण आट्यांचा माल येईल आणि पुरवठादाराची चूक नसेल. आयएस ३७५७ चे हाय स्ट्रेंग्थ स्ट्रक्चरल बोल्ट आखूड आट्यांचे असतात, त्यामुळे इथे सोयीचे. फक्त त्यांना घर्षण जोडासारखं कसायचं नाही. कारण खाली येतंच आहे.

‘सोळाचा ८.८ चालेल का, फोर्क तसाच आलाय’ हा प्रश्नही वारंवार येतो. शिअरला ११६ किलोन्यूटन, अगदी आरामात. मोमेंटची क्षमता ३८६, हवेत ३७५, काठावर. दोन्हींची वर्ग-बेरीज १.१५ च्या आसपास जाते. नापास.

फुल थ्रेड, १०.९ आणि १२.९

फुल थ्रेड बोल्ट दुकानात सहज मिळतो, कुठल्याही पकडीला चालतो, म्हणून दुकानदार तोच पुढे करतो. आट्यांच्या छेदाचा परिणामी व्यास १७.६५ मिमी धरला तर ८.८ असूनही वाकण्याची क्षमता ७७८ वरून ५३४ वर येते. १६ च्या तोंडात तो निभावतो. पण फोर्कचं तोंड २६ मिमी आणि गसेट १० च, असा मेळ साइटवर हमखास दिसतो, कारण एकाच साच्याचा फोर्क सगळ्या गसेटांना वापरलेला असतो. तेव्हा फट ८-८ मिमी होते, कंस ६२, मोमेंट ५५३. फुल थ्रेड नापास, हाफ थ्रेड अजूनही पास. भोकाच्या कडेवर आट्यांची टोकं दबली जाऊन जोड सैल होतो, तो वेगळाच.

१०.९ ची इथे गरज पडत नाही. १२.९ चे काळे ॲलन बोल्ट साच्यांसाठी आणि यंत्रांसाठी ठीक. उघड्या छताखाली, पावसाळी हवेत ब्रेसिंगला ते लावू नका. बोल्ट जितका कठीण तितका तो हायड्रोजनने ठिसूळ होण्याचा धोका जास्त. ॲसिडमध्ये धुऊन झिंक चढवलेला १२.९ बसवल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हातही न लावता, डोक्याखाली तुटू शकतो. ८.८ ला हा त्रास सहसा होत नाही, हेही त्याच्या बाजूने एक मत.

लेथवर काढलेली पिन

पिन म्हटलं की काम पक्कं, नीटनेटकं, असा समज आहे. वास्तुविशारदांना ती आवडते, कारण नट दिसत नाही. बाजारात मिळते ती बहुधा ईएन ८ या मध्यम कार्बन पोलादाच्या बारमधून लेथवर काढलेली, एका बाजूला डोकं, दुसऱ्या बाजूला स्प्लिट पिनचं भोक. पाहायला चकचकीत. फक्त नॉर्मलाइझ केलेल्या ईएन ८ चं यील्ड साधारण २८० च असतं. वाकण्याची क्षमता ३३०, हवेत ३७५. म्हणजे एवढी खटपट करून, बोल्टपेक्षा जास्त पैसे देऊन जी पिन मिळाली ती गोणीतल्या ४.६ बोल्टपेक्षा थोडीच बरी. ‘ईएन ८’ एवढंच लिहिलेलं कोटेशन म्हणून परत पाठवा. हार्डन आणि टेंपर केलेली, किमान यील्ड ४५० च्या पुढे, असं लिहून घ्या. नाहीतर टेंपर केलेलं ईएन १९ हे मिश्र पोलाद घ्या, त्यात ६५० च्या पुढे मिळतं. दोन्ही बाबतींत उष्णता-प्रक्रियेचं सर्टिफिकेट हीट नंबरसकट मागा. चकाकीवरून यील्ड कळत नाही.

दुसरा मुद्दा, पिन खरोखर काढता-घालता यायला हवी का? तंबूछताचे स्तंभ, घडीचे मांडव, दुरुस्तीसाठी सोडवायचे टाय रॉड यांना ती तशी लागते. मग नियम कडक होतात. रोजच्या वापरातल्या भाराला भोकावरचा दाब ०.६ × जाडी × व्यास × यील्ड एवढ्यातच ठेवायचा, नाहीतर भोक लंबगोल होतं आणि पिन अडकते. ७१.४ ला १.५ ने भागलं तर वापरातला भार ४७.६ किलोन्यूटन. १० मिमी गसेटला या हिशेबात ३० च मिळतात. १६ मिमी गसेटला ४८, जेमतेम. म्हणजे काढता येणारी पिन हवी तर गसेट १६ ची, फोर्कचं तोंड २२ चं, पिन ईएन १९ ची. ही तयारी नसेल तर पिनचा हट्ट सोडा.

पिन जागेवर कशी राहते हा तिसरा आणि आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. बोल्ट स्वतःच्या नटाने राहतो, पिनला रक्षक लागतो. २० मिमी पिनला ५ मिमीची स्प्लिट पिन, दोन्ही पाय उलट दिशांना पूर्ण वळवलेले, मध्ये वॉशर. एकच पाय वाकवून काम भागवलेलं दिसलं तर ते काम स्वीकारू नका. सर्क्लिप (पिनच्या खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) सुबक दिसते, पण २० मिमी शाफ्टच्या सर्क्लिपची जाडी १.२ मिमी आणि खाच फक्त १९ मिमी व्यासापर्यंत, म्हणजे एका बाजूला अर्धा मिमी खोल. रॉड प्रतलातून थोडा जरी बाहेर ओढत असेल तर फोर्कचा कान तिच्यावर रेटतो. वर हॉट डिप केलं (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवलं) तर खाच झिंकने भरून जाते आणि सर्क्लिप बसल्यासारखी वाटते, बसलेली नसते. सर्क्लिप घरातल्या, रंगवलेल्या, शोभेच्या जोडांना ठीक.

पिनवरून प्लेट सरकली तर काय होतं याचा धडा अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये आहे. मायनस नदीवरच्या महामार्ग पुलाचा एक गाळा २८ जून १९८३ ला खाली कोसळला, तिघांचा जीव गेला. तिथे रॉड नव्हते, जाड पिन आणि हँगर प्लेटा होत्या. पिन शिअरमध्ये कमी पडली म्हणून ते घडलं नाही. पाणी साचून फटीत गंज वाढला. गंज मूळ पोलादापेक्षा जास्त जागा घेतो, त्या गंजाने हँगर पिनवरून बाहेर ढकलला गेला. आपल्या शेडमध्ये गटाराच्या खाली येणाऱ्या कोपऱ्यातला फोर्क याच वर्गातला. तिथे वर्षातून एकदा शिडी लावून पाहायला हवं.

बोल्ट चांगला, प्लेट कच्ची

भारी बोल्ट घेऊन ६ मिमीच्या गसेटला लावलेले जोड कमी नाहीत. एम २० ला भोक २२. बोल्टच्या मध्यापासून प्लेटच्या कडेपर्यंत ४० मिमी ठेवले तर १० मिमी ई २५० प्लेट ९९ किलोन्यूटन झेलते. तेच अंतर ३३ केलं, म्हणजे भोकाच्या दीडपट, तर ८२. ६ मिमी प्लेटला ४० मिमी अंतर ठेवूनही ५९ च मिळतात. रॉड ७१ ओढेल तेव्हा भोक लांबून कडेकडे फाटेल. प्लेट कातरयंत्रावर किंवा हाताने गॅसने कापली असेल तर दीडपट चालत नाही, १.७ पट लागतं, म्हणजे ३७.४. सरळ ४० लिहावं, वाद नको.

भोक ड्रिलचंच हवं. गॅसने पाडलेल्या भोकाची कड खडबडीत आणि कठीण होते, बोल्ट दोन-तीन उंचवट्यांवर टेकतो आणि तिथूनच चीर निघते. पिनसाठी भोक व्यासापेक्षा १ मिमीपेक्षा मोठं नको, अमेरिकी संहिता तर तशी अटच घालते. पण अगदी घट्टही नको. हॉट डिप झिंकचा थर ६ मिमीपेक्षा जाड पोलादावर सरासरी ८५ मायक्रॉन धरतात. पिन दोन्ही बाजूंनी जाड होते, भोक दोन्ही बाजूंनी अरुंद होतं. २०.५ चं भोक आणि २० ची पिन यांच्यातल्या अर्ध्या मिमीतून असे तीन-साडेतीन दशांश जातात, वर झिंकचे ओघळ. मग साइटवर हातोडा आणि ग्राइंडर निघतो, आणि ज्यासाठी झिंक चढवलं तेच घासून जातं. २१ मिमीचं भोक घ्या.

फोर्क विकत घेताना फोर्जिंग मागा, किंवा प्लेटचा वेल्ड केलेला. ग्रे कास्ट आयर्नचा फोर्क ताणाला लावू नये, तो न वाकता एकदम फुटतो. संशय असेल तर एका कानात छोटं ड्रिल मारून पाहा: पोलादाची गुंडाळलेली सळ निघते, ग्रे आयर्नचा काळा चुरा पडतो.

फोर्क एकाच प्रतलात फिरतो, हे ड्रॉइंग काढताना विसरलं जातं. गसेट रॉडच्या रेषेत, म्हणजे ब्रेसिंगच्याच प्रतलात वेल्ड झाली पाहिजे. पाच-सात अंश तिरकी बसली की सगळा भार एका कानावर जातो आणि वरचे सगळे हिशेब वाया. रुंद तोंड आणि बारीक गसेट असा मेळ आलाच तर दोन्ही बाजूंना वॉशर भरून भागत नाही. वॉशर गसेटला मध्यावर ठेवतात, मोमेंट कमी करत नाहीत. गसेटला दोन्ही बाजूंनी ५-५ मिमीच्या चीक प्लेटा वेल्ड करून मग एकदम ड्रिल केलं तर २६ च्या तोंडातला मोमेंट ५५३ वरून ४६४ वर येतो.

फोर्क नको म्हणणारे: हिलसाइड वॉशर

पीईबी, म्हणजे कारखान्यात तयार होऊन साइटवर जोडल्या जाणाऱ्या, शेडमध्ये रॉड सरळ स्तंभाच्या वेबमधल्या (मधल्या पत्र्यातल्या) लांबट भोकातून जातो आणि पलीकडे उताराचा हिलसाइड वॉशर, सपाट वॉशर आणि नट. बोल्ट नाही, पिन नाही, स्वस्त आणि झटपट. छोट्या गाळ्यांना आम्ही याला नाव ठेवणार नाही. फक्त वॉशरचा उतार आणि रॉडचा कोन जुळला पाहिजे. जुळला नाही तर नट एका कडेवर टेकतो आणि रॉड नेमका आट्यांत वाकतो. वेब ५-६ मिमीचं असेल तर भोकाभोवती पत्रा फुगतो का तेही तपासा.

नट-वॉशरवर टांगलेल्या रॉडचं सगळ्यात महागडं उदाहरण कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलचं. १७ जुलै १९८१, ११४ मृत्यू. एकसंध रॉड दोन मजल्यांचे झुलते मार्ग धरणार होता, तो बदलून दोन तुकडे केले आणि वरच्या मार्गाच्या नटावर दुप्पट भार आला. रॉड तुटले नाहीत. नट आणि वॉशर वेल्ड केलेल्या पेटी-तुळईतून ओढून निघाले. साइटवर ‘एक लांब रॉड मिळत नाही, दोन करू’ असा फोन आला की डिझाइनरला विचारल्याशिवाय हो म्हणू नये, ते यामुळे.

तयार टेन्शन रॉड सेट

रॉड, दोन फोर्क, पिना, लॉक कव्हर असा पूर्ण संच मिळतो. ब्रिटनची मॅकॅलॉय ४६० ही प्रणाली यातली जुनी ओळखीची: रॉडचं किमान यील्ड ४६०, तुटण्याची ताकद ६१०, मापं एम १० पासून एम १०० पर्यंत. खरी किंमत आहे ती तक्त्याची. कुठल्या रॉडला गसेट किती जाड, भोक किती, कडेचं अंतर किती, हे ठरवून दिलेलं असतं आणि पिन त्या तोंडासाठीच बनलेली असते. वर केलेला सगळा हिशेब कुणीतरी आधीच केलाय. विमानतळ, काचेची दर्शनी भिंत, सभागृह, इथे हा खर्च योग्य. गोदामाच्या छतात, जिथे तो पत्र्याखाली कुणाला दिसणार नाही, तिथे नाही. आणि संच घेऊन त्यातली पिन हरवली म्हणून कोपऱ्यावरच्या लेथवरून दुसरी काढून आणायची असेल, तर संच घेऊच नका.

किनाऱ्यावर

रत्नागिरी, मालवण, गोवा इथे स्टेनलेस मागितलं जातं. ए २ म्हणजे ३०४ समुद्राकाठी डाग धरतो, ए ४ म्हणजे ३१६ घ्या. ए ४-७० चं यील्ड ४५०, आपल्या ३७५ च्या मोमेंटला ५३० ची क्षमता, पुरेसं. झिंकच्या मोठ्या फोर्कात स्टेनलेसची छोटी पिन चालते, झिंक थोडं लवकर झिजतं इतकंच. उलटं करू नका. स्टेनलेसच्या फोर्कात झिंकची पिन घातली तर सगळी झीज त्या छोट्या पिनवर एकवटते, आणि भार धरणारीही तीच. स्टेनलेसचा नट कोरडा कसला तर आट्यांतच जाम होतो. अँटी-सीझ पेस्ट लावूनच फिरवा, आणि इम्पॅक्ट रेंच नको.

हॉट डिप बोल्टबरोबर नटही त्याच संचातला, वाढीव टॅप केलेला घ्या. साधा नट झिंकच्या आट्यांवर चढत नाही. मग पोरं बोल्टवरच डाय फिरवतात आणि पहिल्याच पावसात आटे लाल होतात.

कसणं

फोर्कमधला बोल्ट जोर लावून कसायचा नसतो. मध्ये फट आहे. नट आवळला की कान आत वाकतात, कास्टिंग असेल तर मुळाशी चिरतात. हाताच्या साध्या पान्याने टेकेपर्यंत, बस्स. मग सुटू नये म्हणून कुलूप लागतं. चेक नट लावताना पातळ नट आत, जाड नट बाहेर. बहुतेक ठिकाणी हे उलटं लावलेलं दिसतं. शेवटी भार बाहेरच्या नटावर येतो, म्हणून जाड तिथे. नायलॉक नट सोपा, पण भट्टीच्या शेडमध्ये नको, १२० अंशांच्या वर त्याचं नायलॉन निकामी होतं. नटाला वेल्डिंगचा ठिपका मारणं तर बंदच करा. ८.८ ला उष्णता-प्रक्रियेने आलेली ताकद त्या जागी जाते आणि वेल्डखाली चीर राहते.

रॉडचा ताण टर्नबकलवर (दोन तुकडे जोडून आवळणाऱ्या मधल्या सांध्यावर) येतो, तिथेही हात आवरावा. एम २० चे आटे २.५ मिमीचे, टर्नबकलला एका बाजूला डावे आणि एका बाजूला उजवे, म्हणजे एका फेऱ्यात ५ मिमी आवळतं. ८ मीटरच्या रॉडची ढील पूर्ण निघाल्यावर आणखी अर्धा फेरा दिला तर टोकं अजिबात हलत नाहीत असं धरून रॉडमध्ये १९-२० किलोन्यूटन येतात, दोन टन. प्रत्यक्षात गसेट आणि स्तंभ थोडे देतात म्हणून कमी, पण पाव फेऱ्याच्या पुढे जायचं कारण नाही. एकाच कोपऱ्यातून आवळत गेलात तर स्तंभ ओळंब्यातून जातो. एक्स चे दोन्ही रॉड आळीपाळीने घ्या आणि ओळंबा लावून ठेवा.

फोर्क आणि टर्नबकल, दोन्हींत रॉडचे आटे निदान व्यासाइतके, २० मिमी, आत गेले पाहिजेत. टर्नबकलला तपासणीचं भोक असेल तर त्यातून रॉड दिसायला हवा. नसेल तर आत घालायच्या आधी रॉडवर २० मिमीवर रंगाची खूण करा. आणि हा रॉड टीएमटीचा (काँक्रीटमध्ये घालायच्या बरगड्यांच्या सळईचा) नसावा. टीएमटी बारची बाहेरची कठीण साल हीच त्याची ताकद, आणि आटे पाडताना नेमकी तीच कापली जाते. शिवाय बरगड्या सोडल्या तर आतला गाभा २० पेक्षा बारीक, म्हणून आट्यांची टोकं पूर्ण भरत नाहीत. असा रॉड ८.८ च्या बोल्टला लावलेला दिसला, तर बोल्ट राहू द्या, रॉड बदला.